मोरुंगोले डोंगरावरची माणसे

जंगल पाहायला आफ्रिकेत जाणारा माणूस बहुधा केनिया-टांझानियाला जातो. युगांडाच्या ईशान्य टोकाला, दक्षिण सुदानच्या सीमेला लागून असलेल्या किडेपो खोरे राष्ट्रीय उद्यानात फार थोडे पोहोचतात. कंपालाहून मोटारीने दहा-बारा तास, नाहीतर एंटेबेहून लहान विमान. क्षेत्रफळ १,४४२ चौरस किलोमीटर. किडेपो नदीत वर्षातले बहुतेक महिने नुसती वाळू असते. म्हणून उन्हाळ्यात रानरेड्यांचे शेकडोंचे कळप, हत्ती, झेब्रे नारुसच्या खोऱ्यातल्या पाण्यावर गोळा होतात. चित्ता आहे, शहामृग आहे. डोळे निवावेत असेच ते ठिकाण.

पण वाचक बंधू-भगिनींनो, आमचे लक्ष जनावरांपेक्षा शेजारच्या मोरुंगोले डोंगराकडे जाते. तेथे इक नावाचा छोटा समाज राहतो. किडेपो हे नाव 'वेचणे' या अर्थाच्या स्थानिक शब्दावरून पडले, असे सांगतात. माणसे येथे ताडाची फळे वेचायला येत. १९५८ साली ब्रिटिश अंमलात हे खोरे राखीव झाले, १९६२ साली राष्ट्रीय उद्यान. माणसे बाहेर काढली गेली. इकांची शिकार बंद, रानातले वेचणे बंद. जनावरांना संरक्षण मिळाले आणि माणसांच्या वाट्याला उपासमार आली.

त्याच उपासमारीच्या काळात कॉलिन टर्नबुल हे मानववंशशास्त्रज्ञ तेथे जाऊन राहिले. १९७२ साली त्यांचे पुस्तक आले. या लोकांत माया नाही, आईला लेकरू जड आणि लेकाला बाप जड, असे चित्र त्यांनी रंगवले. एवढ्यावर न थांबता, यांना उचलून लहान लहान गटांत दूर पांगवावे, अशी शिफारसही त्यांनी सरकारला केली होती. ज्याच्या ताटातला घास काढून घेतला, त्याच्याच स्वभावाचा पंचनामा! पुस्तक गाजले. १९७५ साली पॅरिसमध्ये त्यावर नाटकही झाले.

पुढे भाषातज्ज्ञ बर्न्ड हाइने इकांमध्ये राहून आले. टर्नबुल यांना इकांची भाषा पुरती येत नव्हती, माहिती देणाऱ्यांपैकी काहीजण तर इक नव्हतेच, हे त्यांनी १९८५ साली दाखवून दिले. पण गाजलेले पुस्तक वाचणारे किती आणि हे खंडन वाचणारे किती?

२०१६ साली इक समाजातला पहिला माणूस युगांडाच्या संसदेत निवडून गेला. उद्यान पाहायला आलेले काही प्रवासी आता वाटाड्या घेऊन मोरुंगोलेही चढतात. चढण दमवणारी आहे. पाणी बरोबर न्यावे, आणि वर पोहोचल्यावर कुणाचाही फोटो काढण्याआधी त्याला विचारावे.