जुन्या ट्रकचे ब्रेक बघायचे कोणी?

प्रति,
मा. मुख्य प्रशासक, न्यू जर्सी मोटर व्हेइकल कमिशन,
आणि मा. विधिमंडळ सदस्य, ट्रेंटन



मी पार्सिपनीत राहतो आणि वीस वर्षांहून जुना पिकअप ट्रक चालवतो. इंजिन ठणठणीत आहे, त्यामुळे तो विकायचा विचार नाही. आमच्या गावात आय-80 आणि आय-287 एकमेकांना छेदतात, रूट 46 वर दिवसभर सिग्नलला थांबत जावं लागतं. अशा रस्त्यांवर दोन टनांहून जड खासगी गाडी वेळेत थांबते की नाही, याची चौकशी तुमच्या राज्यात कोणीही करत नाही. या पत्राचं कारण तेच.

1 ऑगस्ट 2010 पासून तुम्ही खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद केली. खर्च वाचेल आणि तपासणीने अपघात कमी होतात याचा ठोस पुरावा नाही, अशी कारणं तेव्हा दिली गेली. 2016 मध्ये 1995 आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतूनही वगळलंत. म्हणजे गाडी जितकी म्हातारी, तितकी तिच्यावरची नजर कमी. आज रँडॉल्फच्या तपासणी केंद्रावर ट्रक नेला, तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडतात; संगणकाने होकार दिला की स्टिकर मिळतं. चाकाच्या मागे कोणी डोकावत नाही. डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात दरवर्षी ब्रेक तपासले जातात, उत्तरेला न्यूयॉर्कमध्येही. त्या दोन राज्यांच्या मधोमध आपण डोळे मिटून बसलो आहोत. पुराव्याचं म्हणाल, तर अपघाताच्या कागदावर ‘पुढच्या गाडीला मागून धडक’ एवढंच येतं. झिजलेल्या पॅडमुळे गाडी किती फूट पुढे सरकली, हे त्यात कोण लिहिणार?

इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि ते ट्रकच्या पोटाशी जाऊन बसतं. ब्रेक ऑइल नेणाऱ्या पोलादी नळ्या वरून बऱ्या दिसतात, पण क्लिपच्या आत, जिथे ओल आणि मीठ अडकतं, तिथे त्या कुजतात. एके दिवशी पेडल थेट तळाला जातं. 1999 ते 2003 च्या जनरल मोटर्सच्या ट्रक आणि एसयूव्हींबाबत केंद्राच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने याच गंजाची चौकशी केली. प्रश्न सुमारे 50 लाख गाड्यांचा होता. एप्रिल 2015 मध्ये रिकॉल न काढता ती चौकशी संपली. मालकांना सांगण्यात आलं की गाडी खालून धुवा आणि नळ्या तपासून घ्या. केंद्राने जबाबदारी मालकावर टाकली, राज्याने तर ती पाच वर्षं आधीच टाकली होती.

बरं, मालकाने ती घ्यायची ठरवली तरी दुकानात त्याला काय मिळतं? ब्रेक ऑइलच्या बाटलीला केंद्राचं मानक आहे, रबरी होजला आहे. पण गाडी ज्याच्या जोरावर थांबते त्या बदली पॅडला आणि ड्रमच्या लायनिंगला घर्षणाचं कोणतंही सक्तीचं मानक नाही. ब्रेकची मानकं आहेत ती नव्या गाडीसाठी. युरोपात आर-90 नियमाखाली बदली पॅड मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आतबाहेरच काम करतो, हे विकण्याआधी सिद्ध करावं लागतं. इथे खोक्यावर ‘प्रीमियम’, ‘सिरॅमिक’, ‘हेवी ड्यूटी’ हवं ते छापा.

खरी माहिती पॅडच्या काठावर बारीक अक्षरांत असते. त्या ओळीतली ‘ईई’, ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी दोन अक्षरं बघायची. पहिलं साधारण तापमानाचं, दुसरं पॅड तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी त्याहून वर 0.55 पर्यंत. एखाद्या पॅडवर ‘एफई’ असेल तर तापल्यावर त्याची पकड एक पायरी खाली येते. ट्रेलर ओढत उतार उतरणाऱ्या ट्रकला तो घेऊ नये. पण ही चाचणीही एक इंची तुकड्यावर होते, गाडीवर नाही. आणि हे काउंटरवर गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं बंधन कुणावरही नाही. फार काय, ॲस्बेस्टॉसच्या ब्रेक लायनिंगवरची केंद्राची बंदीसुद्धा थेट मार्च 2024 मध्ये जाहीर झाली!

जुन्या गाड्या भंगारात काढा, हा त्यावरचा उपाय नव्हे. माळीकाम करणारे, रंगारी, नुकते या देशात आलेले, कित्येकांचं पोट अशाच ट्रकवर चालतं. व्यवसायाच्या नोंदणीवर असलेल्या गाड्यांची यांत्रिक तपासणी तुम्ही आजही घेता. तोच ट्रक खासगी नोंदणीवर असला की त्याचे ब्रेक आपोआप चांगले होतात का?

माझ्या मागण्या दोनच. दहा वर्षांहून जुन्या प्रत्येक गाडीचे ब्रेक दर दोन वर्षांनी चाक काढून तपासा: पॅडची जाडी, डिस्कवर कोरलेली किमान जाडी, गळणारे व्हील सिलिंडर आणि गंजलेल्या नळ्या. परवडत नसेल त्याला दुरुस्तीसाठी मुदत द्या, पण धोका काय आहे ते त्याच्या हातात लेखी द्या. दुसरं, या राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बदली पॅडच्या खोक्यावर ती दोन अक्षरं आणि त्यांचा अर्थ ठळक छापायला लावा. 2010 चा निर्णय विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात पुन्हा चर्चेला घ्या, ही कळकळीची विनंती.

आपला,
पार्सिपनीचा एक रहिवासी