वारसा सांगायचा की चालवायचा?

वारसा हा शब्द आपण फार सहज वापरतो. स्नेहसंमेलनातील भाषण असो की जयंतीची मिरवणूक, वारशाचा अभिमान सांगायला आपल्याला शब्द कमी पडत नाहीत. पण वारसा रक्तातून आपोआप उतरतो काय? मला तसे वाटत नाही. शेत नावावर झाले तरी कसल्यावाचून पिकत नाही.

भदंत सुरेई ससाई यांचा जन्म १९३५ साली जपानमध्ये झाला आणि तिथेच ते भिक्खू झाले. बुद्धाचा विचार चीन-कोरियामार्गे सहाव्या शतकातच जपानला पोहोचला होता. म्हणजे हा वारसा त्यांना घरबसल्या मिळालेला होता. तेवढ्यावर समाधान मानून ते तिकडेच एखाद्या मठात सुखाने राहू शकले असते. परंतु साठच्या दशकात ते भारतात आले. नागपूरच्या इंदोरा विहारात राहून गोरगरिबांत मिसळले, पुढे भारताचे नागरिक झाले. १९९२ साली बुद्धगयेच्या महाबोधी विहारासाठी सुरू झालेल्या आंदोलनाचे नेतृत्वही त्यांनी केले. आपल्या वारशाचा उगम त्यांना लोकांच्या सेवेतून गवसला, असे मी मानतो.

आता आपल्याकडे पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. तो वारसा आमच्याही घरी आला. माझी आजी अंगठा उठवते, पण त्रिशरण तिला तोंडपाठ आहे. कॉलेजची पायरी चढणारा घरातला पहिला मीच. मात्र वस्तीतल्या विहाराचे दार वंदनेपुरते आणि १४ एप्रिलपुरतेच उघडते. वसमत भागात हळद काढणीचा हंगाम लागला की आईबाप दिवसभर रानात असतात, आणि नेमके तेच दिवस परीक्षेचे! घरात अभ्यास घेणारे कोणी नाही, अशा पोरांनी विचारायचे कोणाला?

म्हणून माझी सूचना साधी आहे. विहाराची किल्ली आपण मागून घ्यावी आणि रोज सायंकाळी दोन तास तिथे मुलांचा अभ्यास घ्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण आठवडाभर राबतो, परत आलो की विसरतो. काही मित्र म्हणतात, आधी आपली डिग्री, आपली नोकरी, मग समाज. घरची परिस्थिती मलाही ठाऊक आहे, त्यामुळे त्यांना मी दोष देत नाही. पण नोकरी लागेपर्यंत आजची चौथीतली पोरे शाळा सोडून मजुरीला लागलेली असतील, त्याचे काय?

प्राध्यापकांनीही आठवड्यातून एखादी सायंकाळ द्यावी, एवढी नम्र विनंती आहे. सतरंजी आम्ही अंथरून ठेवू.