लॅपटॉपवरची वेठ

डिजिटल जाहिरातीची कामं एकट्यानं घेणारी आपली पोरं आता एजन्सीच्या पाट्या लावतायत. लावा! पण पाटीखाली पहिलं काय घडतं ते मी बघतोय. 'शिकाऊ पोरगा घ्या, पगार कसला, अनुभव देऊ.' 1976 साली कायद्यानं वेठबिगारी मोडली. ती आम्ही लॅपटॉपवर पुन्हा मांडायची काय?

पगाराला पैसा नाही, हे रडगाणं मला सांगू नका. पैसा गिऱ्हाईक शेठकडं अडकलाय. उद्यम नोंदणी करा, ती फुकट होते. मग 2006 च्या सूक्ष्म-लघुउद्योग कायद्यानं शेठला लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत, नसला तर 15 दिवसांत पैसे मोकळे करावे लागतात. पुढं बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शेठला हे ठाऊक असतं, आपल्याला नसतं. आणि गूगल-फेसबुकवरच्या जाहिरातीचा खर्च त्याच्याच कार्डावर टाका. स्वतःच्या खिशातून भरलात की तुम्ही त्याचे सावकार, तेही बिनव्याजी.

माणूस ठेवण्याआधी त्याचा तीन महिन्यांचा पगार बाजूला काढा. निघत नसेल तर पाटी उतरवा, अजून थोडे दिवस एकट्यानंच राबा.