करून पाहा : वाकलेली तार काय सांगते?

बालमित्रांनो, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या लातूर जिल्ह्यात, किल्लारीला भूकंप झाला. दगड-मातीच्या जड भिंतींना वाकणं ठाऊक नसतं. त्या एकदम कोसळल्या आणि हजारो माणसं गेली. म्हणून आता घर बांधताना लोखंडी सळई घालतात. पण ती नुसती बळकट असून भागत नाही बरं का! तुटण्याआधी ती भरपूर वाकली, लांबली पाहिजे. हा गुण कसा ओळखतात?

साहित्य : सळया बांधायची मऊ तार (मुरुडच्या बाजारात बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळते), रिकाम्या काडेपेटीचा खण, दोरा, मोजपट्टी, वीट आणि एक रुपयाची एकसारखी दहा नाणी.

कृती : तार सरळ करा. एक टोक टेबलाच्या कडेवर विटेखाली घट्ट दाबा. २० सेंटिमीटर तार बाहेर राहू द्या. बाहेरच्या टोकाला आकडा करून दोऱ्याने खण टांगा. (टोक डोळ्यांपासून लांब!) आता एकेक नाणं टाका. प्रत्येक वेळी टोक किती मिलिमीटर खाली गेलं ते लिहा. मग नाणी काढून तार जागेवर येते का, तेही बघा.

काय दिसलं? आधी प्रत्येक नाण्याला झोल सारखाच वाढतो. आलेख काढा, सरळ रेषा येईल. नाणी काढली की तार परत जागेवर! पुढे मात्र एकाच नाण्याला ती जास्त झुकते आणि बाक कायमचा राहतो.

असं का? वाकताना तारेची वरची बाजू ताणली जाते, खालची दबते, मधला थर तसाच राहतो. दर चौरस मिलिमीटरवरचा जोर म्हणजे प्रतिबल. मूळ लांबीच्या मानाने झालेला बदल म्हणजे विकृती. वजनावरून पहिलं आणि बाकावरून दुसरं काढता येतं. बाहेरचे थर आधी हार मानतात, आतले मागून. म्हणून आलेख हळूहळू वळतो.

सळईसुद्धा गोल दांड्याभोवती वाकवून तडा जातो का पाहतात. ‘५०० डी’ सळई दर चौरस मिलिमीटरला सुमारे ५१ किलोचा भार येईपर्यंत कायमची लांबत नाही. आणि तुटण्याआधी ती किमान १६ टक्के लांबलीच पाहिजे. पालकहो, घर बांधताना सळईवरचा हा शिक्का जरूर वाचा.

आता तुमच्यासाठी प्रश्न : तार १० सेंटिमीटरच बाहेर ठेवली, तर कायमचा बाक यायला किती नाणी लागतील? आधी अंदाज लिहा, मगच करून पाहा!