चौदा नंबरचं चित्र भिंतीकडे तोंड करून का?

शनिवारी आपल्या गावच्या कलादालनात तरुण मुलामुलींचं प्रदर्शन बघून आलो. विषयच मुळी ‘रूढी मोडणारी चित्रं’ असा दिला होता. आणि चौदा नंबरचं चित्र भिंतीकडे तोंड करून टांगलेलं! खाली नाव आहे, माध्यम आहे, किंमतसुद्धा आहे. दिसते ती फक्त मागची प्लायवूड.

चौकशी केली. देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसलेली बाई आहे म्हणे, ‘बाजूला’ बसलेली, आणि मांडीवर पॅडचं पाकीट. बस्स. कुणाचा तरी एक फोन आला आणि समितीने चित्र उलटं केलं. पोलीस आले नाहीत, मोर्चा आला नाही, साधा लेखी अर्जसुद्धा नाही. एक फोन!

आता थोडं जुनं सांगतो. 1954 साली मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसी यांचं प्रदर्शन होतं. वय पंचविशी-सव्विशीचं, नुकतेच पॅरिसहून आलेले. ‘लव्हर्स’ नावाच्या चित्रांत पुरुषाचा हात बाईच्या छातीवर आहे म्हणून पोलीस आले, उतरवा म्हणाले. पदमसींनी नकार दिला. अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. त्या दिवशी त्यांनी मुकाट्याने चित्रं उतरवली असती तर ना खटला झाला असता, ना निकाल लागला असता.

बरं, संपलं का तिथे? नाही. 2023 मध्ये याच पदमसींची आणि फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची मिळून 7 चित्रं मुंबईत कस्टम्सने अश्लील म्हणून अडवली. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सोडायला लावली आणि स्पष्ट सांगितलं की प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं. अधिकाऱ्याचं स्वतःचं मत काहीही असो, ते म्हणजे कायदा नव्हे. सत्तर वर्षांनी तोच चित्रकार, तेच शहर, तोच आरोप. (खजुराहोचं उदाहरण मुद्दामच देत नाही, ते देऊन देऊन गुळगुळीत झालंय.)

म्हणजे कोर्ट दर वेळी वाचवतं असं म्हणायचं नाही. र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’साठी खटला झाला, 1934 मध्ये त्यांची बाजू खुद्द डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी ते हरले. पण हरले ते उघड कोर्टात. आरोप काय, कलम कुठलं, न्यायाधीश काय म्हणाले, सगळं नोंदलं गेलं. आपल्याकडे चौदा नंबरवर आरोप काय, ते चित्र काढणाऱ्या मुलीलासुद्धा कुणी सांगितलेलं नाही.

समितीचं म्हणणं मला माहीत आहे. ‘घरची माणसं येतात, लहान मुलं येतात, उगाच वाद कशाला?’ अहो, पॅडचं पाकीट त्या लहान मुलांच्या घरातच असतं, काळ्या पिशवीत गुंडाळलेलं. आणि ‘बाजूला’ बसणाऱ्या बाया काय परग्रहावर राहतात?

चित्रं निवडायचा अधिकार समितीला आहे, ते मान्य. मग तो निवडीच्या वेळी वापरायचा. पसंत करायचं, फी घ्यायची, निमंत्रणपत्रिकेवर ‘बंडखोर’ असं ठळक छापायचं, आणि पहिल्या फोनला पाठ फिरवायची, याला निवड म्हणत नाहीत. समितीतली बरीच मंडळी पदरमोड करून दालन चालवतात, भाडं, लाइटबिल, सगळं. एका सरांनी तर मला शाळेत ब्रश धरायला शिकवलं. म्हणून तर जास्त लागलं. कोर्टकचेरी झाली तर खर्च कोण करणार, ही भीती खोटी नाही. पण इथे कोर्ट आलंच कुठे? धमकीसुद्धा धड नव्हती.

माझी मागणी साधी आहे. ज्याला चित्र खटकतं त्याने नावानिशी लेखी द्यावं, काय खटकलं ते लिहावं. तो कागद चित्राशेजारी लावा, लोक दोन्ही वाचतील. पोलीस आले तर लेखी आदेश मागा, कलम विचारा. तोवर कुठलंही चित्र हलवायचं नाही, असा ठराव समितीने करावा.

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे, सकाळी 10 ते रात्री 8. उद्या मी पुन्हा जाणार आहे आणि सरांना विचारणार आहे की सर, फोन कुणाचा होता? ज्यांना जमेल त्यांनी या.