एका कार्बनचा फरक

बारावीच्या केमिस्ट्रीत अल्कोहोल्स आणि फिनॉल्सचा एक चॅप्टर असतो. नाव ऐकून बॅकबेंचर्ससुद्धा कान टवकारतात, मग सर फळ्यावर 'आर-ओएच' लिहितात आणि सगळ्यांचा मूड जातो. रिअ‍ॅक्शन्स पाठ, मार्क्स खिशात, विषय संपला. पण त्यातलं एक पान तरी डोक्यात राहायला हवं होतं, असं मला हल्ली फार वाटतं. कारण शुक्रवारी रात्री आपण ज्याला सरसकट 'अल्कोहोल' म्हणतो, ते एका भल्यामोठ्या खानदानाचं आडनाव आहे.

खानदानाची खूण म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, ओएच. ती कुणाच्या गळ्यात पडते, त्यावर सगळा खेळ. बेन्झिनच्या कड्याला थेट चिकटली की फिनॉल. जोसेफ लिस्टरने १८६५ मध्ये जखमेतले जंतू मारायला वापरलं ते कार्बोलिक अ‍ॅसिड हेच. (आजीच्या ओव्यातला थायमॉल आणि दाढेखाली धरायच्या लवंगेतला युजेनॉल ही त्याचीच भावंडं.) दोन कार्बनच्या साखळीला लागली की इथेनॉल, म्हणजे तुमची बिअर, वाइन, व्हिस्की. आणि एकाच कार्बनला लागली की मिथेनॉल. रंग नाही, वास जवळपास तोच, थोडी चढतेसुद्धा! कारखान्यात सॉल्व्हंट म्हणून वापरतात आणि पिण्याच्या दारूपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

इथेच घात होतो. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ८० हून जास्त माणसं गेली, जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त. पेपरात हेडिंग काय, तर 'विषारी दारूचे बळी'. मला हा शब्द पटत नाही. दारू नासून विषारी झाली, असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात कुणीतरी दारूच्या नावाखाली मिथेनॉल विकलेलं असतं. मालवणीच्या केसमध्ये २०२४ साली कोर्टाने चौघांना दोषी ठरवलं. आणि 'हे वस्तीतल्या गुत्त्यावरचं, आपलं काय?' असं म्हणू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग विएंगमध्ये सहा परदेशी पर्यटक असेच दगावले. बहुतेक तिशीच्या आतले, बॅकपॅकवाले.

आता शरीरात काय होतं ते बघा. लिव्हरमध्ये अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम असतं. ते इथेनॉलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, त्याचं पुढे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड होतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच. मिथेनॉल आलं तरी ते बिचारं तेच काम इमानेइतबारे करतं. फक्त या वेळी तयार होतं फॉर्मल्डिहाइड (बायॉलॉजी लॅबमधल्या बरणीतला बेडूक आठवा), आणि त्यातून फॉर्मिक अ‍ॅसिड. ते पेशींचा श्वासच कोंडतं. पहिला फटका बसतो डोळ्यांच्या नसेला. शुद्ध मिथेनॉल १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे, दृष्टी घालवू शकतं. ३० मिलिलिटरमध्ये जीव जाऊ शकतो. तीस, म्हणजे एक स्मॉल!

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे उशीर. पहिले काही तास काहीच वाटत नाही. त्रास सुरू होतो बारा-चोवीस तासांनी, सोबत नेहमीची दारू घेतलेली असेल तर आणखी उशिरा. डोकं दुखतं, मळमळतं, पोटात कळा येतात. आपण काय म्हणतो? हँगओव्हर यार, लिंबूपाणी दे. पण धुरकट दिसायला लागलं, डोळ्यांपुढे बर्फ पसरल्यासारखं झालं, धाप लागली, तर तो हँगओव्हर नाही.

यावरचा एक उतारा ऐकून मी चाटच पडले. साधं इथेनॉल! तेच एन्झाइम इथेनॉलला जास्त पटकन धरतं, त्यामुळे मिथेनॉल ताटकळत राहतं आणि विष बनायच्या आत लघवीतून, श्वासातून किंवा डायलिसिसने बाहेर काढता येतं. फोमेपिझोल नावाचं औषधही हेच काम करतं. पण हे सगळं रक्ताच्या तपासण्या करत हॉस्पिटलमध्ये करायचं. घरी मित्राला 'उतारा' म्हणून पेग पाजायचा नाही, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. काय प्यायला, कुठे आणि किती वाजता, हे डॉक्टरांना खरंखरं सांगायचं. बाटली उरली असेल तर तीही सोबत न्यायची.