भूगर्भातील ऊब आणि भूपृष्ठावरील जबाबदारी

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय भू-औष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केल्याने सूर्य आणि वाऱ्याच्या जोडीला जमिनीखालची उष्णता अधिकृतपणे आली आहे. रात्र असो वा पावसाळा, ही ऊर्जा अखंड मिळते. मात्र तिच्यासाठी घ्यावी लागणारी खोल विहीर हीच सर्वांत खर्चिक आणि अनिश्चित बाब ठरते. ती पूर्ण होईपर्यंत खाली पुरेसे गरम पाणी असल्याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

जर्मनीतील म्युनिकला निसर्गाने साथ दिली. तेथे काही किलोमीटर खोलीवरील चुनखडकात गरम पाणी मुळातच साठलेले आहे. ते एका विहिरीतून वर आणायचे, त्याची उष्णता शहरातील वाहिन्यांमधून घरोघरी पोहोचवायची आणि निवलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून पुन्हा भूगर्भात सोडायचे, अशी ही रचना. घरे उबदार ठेवण्यासाठी ही उष्णता जवळजवळ थेट वापरता येते. शंभर-सव्वाशे अंशांच्या पाण्यापासून वीज करू गेल्यास मात्र तिचा अल्प अंशच हाती लागतो.

जेथे असे पाणी नाही, तेथे दाबाने पाणी सोडून खडकातील भेगा मोकळ्या कराव्या लागतात. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे डिसेंबर २००६ मध्ये त्यातून ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि प्रकल्प गुंडाळला गेला. दक्षिण कोरियातील पोहांगचा नोव्हेंबर २०१७ चा सुमारे ५.५ तीव्रतेचा भूकंपही अशाच प्रकल्पामुळे उद्भवल्याचा निष्कर्ष सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये काढला.

भारताची कसोटी लडाखच्या पुगा खोऱ्यात आहे. तेथे एक मेगावॅटच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी ओएनजीसीने फेब्रुवारी २०२१ मध्ये करार केला. ऑगस्ट २०२२ मध्ये खोदकामातून उसळलेला द्रव पुगा नाल्यात गेला आणि काम थांबवावे लागले. ज्या पठारावर चांगपा पशुपालकांचे कळप चरतात, तेथे नाल्याचे पाणी हाच उपजीविकेचा आधार असतो. शिवाय वीज तारांवरून दूर नेता येते, उष्णता नाही. त्यामुळे तिचा पहिला लाभ शेजारच्या वस्तीतील घरांना आणि हरितगृहांनाच व्हायला हवा.

कोकणातील उन्हवरे किंवा वज्रेश्वरीच्या झऱ्यांकडेही उद्या याच दृष्टीने पाहिले जाईल. जलाशय आणि भूकंप यांचे नाते १९६७ मध्ये कोयनेने दाखवून दिले आहे. तेव्हा खोदकामापूर्वीच पाणी आणि भूकंपनांच्या नोंदी सुरू करून त्या लोकांसाठी खुल्या ठेवणे, काम कधी थांबवायचे याची मर्यादा आधीच ठरवणे आणि नुकसानभरपाई कोणी द्यायची हे करारातच लिहिणे, या अटी परवान्याचा भाग व्हायला हव्यात. खाली काय आहे ते विहीर झाल्यावर कळेल. वरच्या लोकांना कोण उत्तरदायी आहे, ते मात्र विहिरीपूर्वीच ठरले पाहिजे.